हर-टू २ प्लस म्हणजे चांगलं का वाईट? आक्काच्या रिपोर्टातले मार्कर कुणी समजावून सांगेल का

कवठेकर, सांगली

नमस्कार मंडळी. मी मूळचा कवठेमहांकाळचा, सध्या सांगलीत असतो. थोरल्या बहिणीला, आक्काला, वय ५४, छातीत गाठ लागली, मिरजेत तुकडा काढून तपासला तर कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाले लवकर सापडलाय, काखेत गाठी लागत नाहीत, ऑपरेशन करू, घाबरू नका. घाबरू नका म्हटलं की घरातली माणसं जास्त घाबरतात ते सोडा.

आता दुसरा रिपोर्ट आलाय. ईआर पॉझिटिव्ह ९०%, पीआर पॉझिटिव्ह ४०%, की-६७ २२% आणि हर-टू २ प्लस, त्याच्यापुढं लिहिलंय इक्विव्होकल, फिश करून घ्यावी. डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं की यातलं काही आजार पुढं कसा वागेल ते सांगतं आणि काही कुठलं औषध लागू पडेल ते सांगतं. बाहेर पेशंटची ही गर्दी, त्यामुळं जास्त विचारायला तोंडच उघडलं नाही.

घरी आल्यावर सुरू झालं. भाचा पुण्यात आयटीत आहे, तो नेटवर वाचून म्हणतोय हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे लई आक्रमक कॅन्सर, निगेटिव्ह यावा म्हणून देव पाण्यात घालून बसा. दाजींच्या ओळखीतली एक नर्स म्हणती पॉझिटिव्ह आलं तर बरंच की, त्याला इंजेक्शन आहे. आता एकच गोष्ट चांगली पण आणि वाईट पण कशी काय? वर दाजींना कुणीतरी सांगितलंय की तुकडा अमेरिकेला पाठवून जीन टेस्ट करतात, त्यात केमो लागणार का नाही ते कळतं. महाग आहे पण दाजी म्हणतात द्राक्षाचे पैसे आलेत, करून टाकू. करावी का? ट्रीटमेंट काय द्यायची ते डॉक्टर ठरवतील, त्यात मला पडायचं नाही, मला फक्त हे समजून घ्यायचंय.

लॅबवाला, मिरज

दादा मी डॉक्टर नव्हे, मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पण असले तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक दिवसभर हातात असतात म्हणून लिहितोय.

तुमचा भाचा पण खरं बोलतोय आणि ती नर्स पण. हर-टू म्हणजे पेशीच्या कडेला असणारं, तिला वाढायला सांगणारं प्रथिन, आणि ते बनवणाऱ्या जीनचं नाव पण तेच. १९८७ साली अमेरिकेत डेनिस स्लेमन यांच्या टीमनं दाखवलं की ज्या बायकांच्या गाठीत हर-टू जीनच्या जादा कॉप्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो आणि त्या कमी जगतात. तेव्हा त्याच्यावर औषधच नव्हतं, त्यामुळं पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी, विषय संपला. मग १९९८ ला ट्रास्टुझुमॅब आलं, ते थेट त्या हर-टूलाच जाऊन चिकटतं. २००५ मध्ये सुरुवातीच्या स्टेजवरचे मोठे ट्रायल बाहेर आले, त्यात केमोच्या जोडीला हे इंजेक्शन दिल्यावर आजार परत यायचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. म्हणजे आजार मूळचा द्वाड, पण ज्या कारणानं द्वाड त्याच कारणानं औषधाच्या तावडीत सापडतो. भाच्यानं जे वाचलंय ते इंजेक्शन नसतानाचं चित्र, नर्स सांगती ते इंजेक्शन आल्यानंतरचं. साधारण वर्षभर, दर ३ आठवड्यांनी घ्यावं लागतं आणि मधून मधून टूडी-एको करतात, कारण काहींच्या हृदयावर ताण येतो. २०१४ पासून आपल्याकडं भारतात बनलेली पण मिळतात, त्यामुळं आधीइतकं आवाक्याबाहेर राहिलेलं नाही.

आता २ प्लस. मेणाच्या ब्लॉकमधनं आम्ही ४ मायक्रॉनचा काप काढतो, काचेवर घेतो, अँटीबॉडी टाकतो, जिथं हर-टू असेल तिथं पेशीच्या कडेला तपकिरी रंग चढतो. १० टक्क्यांपेक्षा जास्त पेशींना पूर्ण गोल, ठसठशीत कडा दिसली की ३ प्लस, पॉझिटिव्ह. काहीच नाही किंवा तुटक फिकी कड असली की ० नाहीतर १ प्लस, निगेटिव्ह. २ प्लसमध्ये कड गोल असते पण फिकट, डोळ्यानं ठरवता येत नाही, डॉक्टर मान हलवतात आणि फिश लिहितात. फिशमध्ये अंधाऱ्या खोलीत फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली हर-टू जीनचे लाल ठिपके आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमचे हिरवे ठिपके मोजायचे, कमीत कमी २० पेशी. हिरव्याच्या दुप्पट किंवा जास्त लाल, आणि एका पेशीत सरासरी ४ किंवा जास्त लाल ठिपके, असं आलं तर पॉझिटिव्ह. त्यामुळं आज तुमच्याकडं ना चांगली बातमी आहे ना वाईट, रिपोर्ट अजून अर्धाच आहे.

एक पोटतिडकीनं सांगतो. हे सगळं तुकडा कसा ठेवला त्याच्यावर आहे. काढल्यापासून तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. आमच्याकडं बाहेरगावच्या छोट्या दवाखान्यातनं तुकडे येतात, कधी नुसत्या सलाईनमध्ये, कधी फॉर्मलिन एवढंसं की तुकडा वरनं सुकलेला. असल्या तुकड्यावर ईआर निगेटिव्ह आलं तर ते खरं निगेटिव्ह का तुकडा मेला म्हणून निगेटिव्ह, कोण सांगणार? तुमचा मिरजेतच काढलाय म्हणताय, बहुतेक ठीक असणार.

कराडचा रवी

आमच्या वडिलांचं सांगतो, आजार वेगळा आहे पण मुद्दा हाच. फुप्फुसाचा निघाला, आयुष्यात विडीला हात लावला नाही त्या माणसानं. डॉक्टर म्हणाले गाठीतल्या ईजीएफआर जीनमध्ये बिघाड, म्हणजे म्युटेशन, आहे का ते तपासायला टाकलंय, रिपोर्ट येऊ दे. पाहुण्यांनी कान खाल्ले, अमक्याच्या चुलत्याला गोळी दिली आणि तो चालाय फिराय लागला, तुम्ही बसलाय रिपोर्टची वाट बघत. डॉक्टर काय ऐकंनात, म्हणाले म्युटेशन नसलं तर ही गोळी केमोपेक्षा वाईट पडेल. रिपोर्टात एक्सॉन १९ डिलीशन आलं, म्हणजे म्युटेशन निघालं, मग गोळी सुरू केली, अंगावर पुरळ आलं, जुलाब झाले, पण दम लागायचा कमी आला आणि शेतावर चक्कर मारायला लागले. तर दादा, थांबायचं म्हणजे वेळ घालवणं नव्हे एवढंच. फिश येऊ दे.

आकडेमोड मॅडम, सातारा

मी साताऱ्यात कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवते, मेडिकलची नाही, पण हा प्रश्न मुळात आमच्याच विषयाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आजार कसा वागेल हे सांगणारा मार्कर कुठला आणि औषध चालेल का हे सांगणारा कुठला, हे मार्करकडे बघून कळत नाही. त्यासाठी चार गट लागतात. मार्कर असलेले औषध घेणारे, मार्कर असलेले औषध न घेणारे, आणि मार्कर नसलेल्यांचे तसेच दोन. आणि कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं पाहिजे, डॉक्टरांच्या मर्जीनं नाही.

माझं आवडतं उदाहरण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं आहे, २००८ साली छापून आलं. आजार पसरलेला, बाकीची औषधं करून झालेली. निम्म्यांना सेटुक्सिमॅब दिलं, निम्म्यांना फक्त त्रास कमी करणारे उपचार. मग सगळ्यांच्या गाठीतला केआरएएस जीन तपासला. जीन नॉर्मल असलेल्यांत औषधवाले मध्यक काढला तर ९.५ महिने जगले आणि बिनऔषधवाले ४.८. जीन बिघडलेला होता त्यांच्यात औषधवाले ४.५ आणि बिनऔषधवाले ४.६.

आता फक्त बिनऔषधवाल्यांकडे बघा, ४.८ आणि ४.६, म्हणजे जीन बिघडला काय आणि न बिघडला काय, आजार तेवढ्याच वेगानं धावतोय. आजाराच्या चालीबद्दल हा मार्कर मुका आहे. पण औषधाबद्दल? एका बाजूला आयुष्य दुप्पट, दुसऱ्या बाजूला काडीचा फरक नाही. म्हणून आज केआरएएस तपासल्याशिवाय हे महागडं औषध लिहीत नाहीत, आणि जीन बिघडलेल्या जवळपास ४० टक्के पेशंटचे पैसे आणि अंगावरचं पुरळ दोन्ही वाचतं.

आणि फसवणूक कुठे होते तेही बघून ठेवा. समजा मी तुम्हाला फक्त औषधवाल्यांचे आकडे दाखवले, ९.५ आणि ४.५, तर तुम्ही म्हणाल वा, मार्कर काय नेमका आहे. पण नुसत्या त्या दोन आकड्यांवरून औषधानं फरक पडला का मुळात ते पेशंटच बऱ्या आजाराचे होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्या पाहुण्याला औषध लागू पडलं या गोष्टी पण सगळ्या अशाच असतात, न घेतलेला पाहुणा कुणी मोजत नाही.

रवीच्या वडिलांची गोळी बहुधा गेफिटिनिबच्या घराण्यातली, त्या गोळीचा २००९ चा आशियातला मोठा अभ्यास आणखी गमतीचा आहे. ईजीएफआर म्युटेशन असलेल्यांत गेफिटिनिबनं ७१.२ टक्के लोकांची गाठ आकसली, केमोनं ४७.३. म्युटेशन नसलेल्यांत गेफिटिनिबनं फक्त १.१ टक्के, केमोनं २३.५. नीट बघितलंत तर म्युटेशनवाल्यांना केमोसुद्धा जास्त लागू पडली, ४७ विरुद्ध २३, म्हणजे त्यांचा आजार एकूणच औषधांना जरा ऐकणारा. पण खरी गोष्ट अशी की दोन्ही गटांत जिंकणारं औषध वेगवेगळं आहे. निवड बदलायला लावणारा मार्कर तो असा.

उलटं उदाहरणही देते. घशाच्या मागच्या भागाचा, टॉन्सिल वगैरेचा, एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कॅन्सर असतो, त्यात पी-१६ हे त्या विषाणूची खूण सांगणारं प्रथिन पॉझिटिव्ह आलं की आजार सौम्य, हे पक्कं माहीत होतं. मग डॉक्टरांना वाटलं सौम्य आहे तर सिस्प्लॅटिन या केमोचा त्रास कशाला, त्याऐवजी हलकं म्हणून सेटुक्सिमॅब देऊ. २०१८ च्या सुमारास दोन मोठे ट्रायल आले आणि दोन्हीकडे सेटुक्सिमॅबवाल्यांची गत सिस्प्लॅटिनवाल्यांपेक्षा वाईट झाली. आजार सौम्य आहे एवढ्यावरून कुठलं औषध कमी करता येईल ते कळत नाही, ते वेगळंच तपासावं लागतं. (आपल्याकडे मशेरी आणि गुटख्यानं होणारा गालाचा, जिभेचा कॅन्सर वेगळा, त्यात पी-१६ वरून काही खुश व्हायचं कारण नाही. मशेरी सोडा बायांनो.)

कवठेकर, सांगली

मॅडम लई उपकार. मला कळलं ते असं, आमच्या द्राक्षबागेत भुरी रोग किती पसरलाय हे बघणं वेगळं आणि कुठल्या औषधानं जाईल ते वेगळं, दावण्याचं औषध भुरीवर मारून पैसे पाण्यात. बरोबर ना? मग आक्काच्या बाबतीत ईआर कुठल्या खात्यात? आणि की-६७ २२% वर भाचा अडून बसलाय, नेटवर २० च्या वर वाईट लिहिलंय म्हणतो.

शुभचिंतक४१५

मी म्हणतो घरातल्या सगळ्यांनीच रक्ताचे ट्यूमर मार्कर करून घ्या ना, सीईए, सीए-१२५, सगळं. आमच्या इथं कॅम्पला पॅकेज होतं, एका रक्तात सगळे कॅन्सर कळतात. उगाच वाट कशाला बघायची.

लॅबवाला, मिरज

शुभचिंतक साहेब, कळत नाहीत हो. सीईए सिगारेट ओढणाऱ्याचं पण वाढतं, लिव्हर बिघडलं तरी वाढतं, आणि लहान कॅन्सरमध्ये नॉर्मल पण असतं. सीए-१२५ तर पाळीत वाढतं, गरोदरपणात वाढतं, पोटाच्या टीबीत तर दणकून वाढतं. धडधाकट बाई असल्या रिपोर्टपायी सोनोग्राफी, सीटी करत फिरते, आणि जिला खरंच गाठ आहे ती रक्त नॉर्मल म्हणून घरी बसते. सीईएचा उपयोग आतड्याचं ऑपरेशन झालेल्याच्या फॉलोअपला, परत येतोय का बघायला. पॅकेजचे पैसे आक्काच्या फिशला लावा.

डॉ. सध्या ड्युटीवर, सांगली

ऑन्को, म्हणजे कॅन्सर, विभागात रेसिडेंट आहे. वरती लॅबवाल्यांनी आणि मॅडमनी चांगलं लिहिलंय, राहिलेलं सांगतो, पण पेशंट न बघता सल्ला देत नाही, तुमचे डॉक्टर म्हणतील तेच करायचं.

ईआर, पीआर म्हणजे गाठीच्या पेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर. ईआर दोन्ही खात्यात. औषधाच्या बाजूनं बघायचं तर जुन्या सगळ्या ट्रायलची बेरीज करून २०११ मध्ये छापलेलं आहे, ५ वर्षं टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी, घेतल्यावर ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं, ईआर निगेटिव्हमध्ये काहीच फरक नाही. ९०% म्हणजे गोळीसाठी उत्तम, पाळी गेली असेल तर बहुतेक लेट्रोझोलच्या जातीची देतील. आजाराच्या बाजूनं बघायचं तर ईआर पॉझिटिव्ह पहिली काही वर्षं शांत असतो, पण १५-२० वर्षांनी सुद्धा उलटू शकतो, म्हणून बरं वाटतंय म्हणून गोळी मध्येच सोडणाऱ्या बायकांवर आम्ही ओरडतो. आक्कांना आत्ताच सांगून ठेवा.

की-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत ते. हा मुख्यतः आजाराच्या चालीचा अंदाज आहे आणि मोजणाऱ्याच्या डोळ्यावर बराच अवलंबून आहे. एकच स्लाइड दोघांना दिली तर एक १८ म्हणेल एक २५. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२१ मध्ये म्हटलंय की ५ किंवा खाली आणि ३० किंवा वर असेल तरच त्याच्यावर भरवसा ठेवून बोलावं, मधलं सगळं धूसर. २२ बरोबर मध्ये आहे. भाच्याला म्हणावं २० ही काही लक्ष्मणरेषा नाही.

जीन टेस्ट. ती २१ जीनची टेस्ट ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असलेल्यांसाठी आहे. आक्कांचं हर-टू अजून ठरलेलंच नाही, फिश पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅब आणि केमोचाच रस्ता, मग ती टेस्ट करून काय लोणचं घालणार? दाजींना सांगा पैसे एफडीत ठेवा. फिश निगेटिव्ह आली आणि काखेच्या गाठी ऑपरेशननंतर पण निगेटिव्ह निघाल्या तर मग त्या टेस्टला अर्थ आहे, २०१८ च्या १० हजारांवर बायकांच्या ट्रायलमध्ये ५० च्या पुढच्या वयात २५ पर्यंत स्कोअर असणाऱ्यांना नुसत्या गोळीवर ठेवलं तरी केमोवाल्यांइतकंच चांगलं झालं. टेस्ट करायची का याला माझी एकच कसोटी, रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार हे डॉक्टरांना विचारा, दोन्हीचं उत्तर एकच असलं तर करू नका. आणि हो, फिश ऑपरेशनच्या आधी हातात पाहिजे का हे आवर्जून विचारा. हर-टू पॉझिटिव्ह असून गाठ २ सेंटिमीटरच्या वर असली तर बऱ्याचदा आधी औषधं देऊन मग ऑपरेशन करतात.

आकडेमोड मॅडम, सातारा

डॉक्टर, एक शंका. हल्ली हर-टू लो म्हणून काहीतरी वाचते, म्हणजे १ प्लस किंवा २ प्लस आणि फिश निगेटिव्ह. त्यांनाही औषध आहे म्हणे. मग निगेटिव्ह हे निगेटिव्ह राहिलं की नाही?

डॉ. सध्या ड्युटीवर, सांगली

मॅडम तुमच्या चार गटांचंच उत्तर आहे. ३,२७० बायकांवर करून बघितलं, अशा हर-टू लो बायकांना ऑपरेशननंतर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब दिलं तर काही फायदा नाही. पण त्याच ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध बांधून केलेलं नवीन इंजेक्शन, ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन, ते २०२२ मध्ये पसरलेल्या आजारातल्या हर-टू लो पेशंटना दिलं तर आजार थांबून राहायचा काळ ५.१ वरून ९.९ महिन्यांवर गेला. स्लाइडवरचा रंग तोच, औषध बदललं तर मार्करचं बोलणं बदललं. पण हे पसरलेल्या आजारातलं, आक्कांना सध्या त्याचा संबंध नाही, कवठेकर उगाच टेन्शन घेऊ नका.

कवठेकर, सांगली

फोन केला होता, डॉक्टर म्हणाले फिश आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख देत नाही, गाठ सोनोग्राफीत अडीच सेंटिमीटर आहे. दाजी आता जीन टेस्टचं नाव काढत नाहीत. फिश बाहेरच्या लॅबला जाणार म्हणतात, ब्लॉक आम्हालाच न्यायला सांगितलाय. लॅबवाले दादा, नेताना काय बघायचं?

लॅबवाला, मिरज

ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर एकच आहे का तिथंच उभं राहून ताडून बघा. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर कॅन्सर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते विचारा, तोच द्यायचा. सोबत हर-टूची ती २ प्लसवाली स्लाइड आणि रिपोर्टची झेरॉक्स द्या. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं. आणि काम झालं की ब्लॉक परत मागून घ्या, पुढं कधी दुसरी टेस्ट लागली तर त्याच ब्लॉकवर होणार आहे. बाहेरच्या लॅबची पावती जपून ठेवा, त्याच्याशिवाय परत देत नाहीत.